खालचा सूर

तिबिलिसीत, नदीकाठच्या गल्लीत, बेकरीच्या वर
माझा दवाखाना. तीस वर्षं मी
लोकांच्या तोंडात वाकून बघतोय.
माणूस "सगळं ठीक" म्हणतो
तेव्हाही त्याच्या दाढा खरं सांगतात.

नेस्तानच्या दाढा सपाट झाल्या होत्या
नदीतल्या गोट्यांसारख्या.
"रात्री काय चावता?"
"काही नाही. झोपते."
दातओठ खायला राग लागतोच असं नाही,
झोपेतही खाता येतात,
निमूटपणे.

एकशे बारा नंबरवर ती सात वर्षं फोन घेते.
आग. गॅस. विहिरीत पडलेलं पोर.
ती पत्ता विचारते, गाडी पाठवते, धीर देते,
आणि फोन तुटतो.
पुढं काय झालं ते कुणी कळवत नाही.
पोर निघालं का, म्हातारा जगला का,
सात वर्षांच्या अर्ध्या गोष्टी
ती घरी नेते. दाढेखाली त्याच येतात.

शरीर बिचारं साधं आहे.
त्याला एवढंच कळतं: घंटा झाली, पळ.
ते रक्तात साखर सोडतं, काळजाला टाच मारतं,
पोटाला सांगतं, तू थांब,
पचवायचं नंतर बघू.
पण ती पळत नाही. खुर्चीत बसून राहते
आणि तेवढ्यात दुसरी घंटा.
नंतर येतच नाही.

मग घशाशी आंबट,
पहाटे तीनला टक्क उघडे डोळे,
कंगव्यात पुंजके, महिनाभर न हटणारी सर्दी,
दोनदा चुकलेली पाळी.
हे तिनं सांगितलं तोंडात कापूस असताना,
म्हणजे अर्धं मीच ओळखलं.

मी तिला रात्री घालायचं कवच करून दिलं.
चार महिन्यांत तिनं ते चावून आरपार केलं.
दुसरं केलं. काय करणार?
कवच दात वाचवतं,
चावणारीला नाही.

मग ती वर्षभर आलीच नाही.

आली ती चालत, टेकडी उतरून,
गालांवर वारा घेऊन. खुर्चीत टेकत म्हणाली,
खाली बेकरीच्या तळघरात दर गुरुवारी
शिवणकाम करणारी दारेजान बायका जमवते गायला.
मला म्हणाली, तुला गळा नाही ना? उत्तम.
खालचा सूर धर. एकच. हलू नकोस.
श्वास संपेपर्यंत सोडत राहा,
संपला की गुपचूप घे,
तेवढ्यात शेजारची धरून ठेवेल.

"पहिल्या दिवशी मला भोवळ आली, डॉक्टर.
इतका लांब श्वास मी
कित्येक वर्षांत सोडलाच नव्हता.
आणि मग माझा संपला,
मी थांबले,
तरी सूर चालूच होता."

हे ती दोनदा म्हणाली.
तरी सूर चालूच होता.

मी कवच उजेडात धरून पाहिलं.
ओरखडे होते. खोल नव्हते.
केस अजून विरळच; तीनला जाग येते,
पण आता कूस बदलून परत झोप लागते, म्हणाली,
कधी लागते, कधी नाही.
पुढं काय झालं ते अजूनही कुणी कळवत नाही.

एक भरण राहिलं होतं.
मी दिवा ओढला, ड्रिल लावलं.
तिनं हात वर केला.
दुखतंय का?
मान हलवून तिनं तोंडातली नळी काढली.
सात वर्षं जिनं फोनवर
न बोलणाऱ्यांचेसुद्धा श्वास ऐकले, ती म्हणाली,

"डॉक्टर, मशीन सुरू झाल्यापासून
तुम्ही श्वास घेतलेला नाही."

खालून भाजत्या पावाचा वास येत होता.
मी ड्रिल खाली ठेवलं.
माझाच जबडा
जरा वेळानं, कट् करून, सुटला.